आधी अर्थिंग, मग गाडी

जानेवारी २०२६
लंडनजवळून

ती. बाबा,

आईला सांगा, पार्सल पोचलं. तिळगूळ, ज्वारीचं पीठ, कुरड्या सगळं धड आहे. जवसाच्या चटणीची पुडी तेवढी वाटेत फुटली, त्यामुळे आता तिळगुळालाही जवसाची चव आहे. तक्रार नाही, चारी जण मिटक्या मारत खाताहेत. डाळीला शिट्ट्या व्हायच्या आत सुरुवात करते, कारण आपला संजू जी विजेची गाडी घेऊ म्हणतो तिच्यावर मला फोनवर मत देता येत नाही. मी तोंड उघडलं की मागून कुणीतरी ‘जेवली का’ विचारतं आणि विषय भाजीवर जातो. शिवाय मामा म्हणतात बॅटरी फुटते, लताकाकू म्हणतात पावसात करंट लागेल, आणि तुम्ही म्हणता, ‘तिकडे विलायतेत सगळे तीच चालवतात ना, मग तूच सांग.’ तर सांगते, लांबण लागेल. पत्र मोठ्यानं वाचा, म्हणजे संजूला ‘मी ऐकलंच नाही’ म्हणता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न गाडीचा नाहीच, गाडी रात्री कुठे उभी राहते याचा आहे. पेट्रोलची गाडी कुठेही झोपली तरी चालतं, कारण तिला पंपावर पाच मिनिटांत पाजून आणता येतं. विजेच्या गाडीला रात्रभर घरच्या मीटरजवळ राहावं लागतं. ज्याच्याकडे तशी जागा आहे त्याला ती स्वस्तात पडते, ज्याच्याकडे नाही त्याला ती दरवेळी दंड केल्यासारखी महाग पडते. आणि या हिशेबात तामसीचं आपलं घर इथल्या कितीतरी चकचकीत घरांच्या पुढे आहे, हे ऐकून तुम्ही मिशीत हसाल, ठाऊक आहे मला.

इथली जुनी घरं एकाला एक चिकटून, ओळीनं. दार उघडलं की फुटपाथ, फुटपाथपलीकडे रस्ता, रस्त्याकडेला गाड्या. इंग्लंडात ढोबळमानानं तीनातल्या एका घराला स्वतःची गाडी लावायला जागा नाही. मग चार्जिंग कसं करायचं? घरातून वायर काढून फुटपाथवरून गाडीपर्यंत न्यायची, पाच-सहा फुटांचं अंतर. इथेच विलायतेचं राज्य सुरू होतं. फुटपाथ सरकारी रस्त्याचा भाग, आणि त्यावर वायर टाकणं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडथळा. म्हणून १९८०च्या हायवेज कायद्याचा हवाला देऊन काही नगरपालिका साफ नाही म्हणतात. काही हो म्हणतात, पण वायरवर रबराची पट्टी टाका आणि कुणी अडखळून पडलं तर भरपाई तुम्ही द्या, या अटीवर. तिसरा उपाय म्हणजे फुटपाथमध्ये वायरपुरती बारीक नाली खोदून वर झाकण बसवणं. त्याला अर्ज, फी, पाहणी, परवाना. केंद्र सरकारनं गेल्या जुलैत या नाल्यांसाठी नगरपालिकांना अडीच कोटी पौंड जाहीर केले, म्हणजे प्रश्न किती घरांचा आहे बघा. आणि एवढं सगळं करून नाली झाली तरी तिच्यासमोरची जागा तुमची नव्हेच! रस्ता सगळ्यांचा. तिथे शेजारच्याची डिझेलची गाडी आठवडाभर उभी राहिली तर तुम्ही खिडकीतून बघायचं. तामसीत लग्न निघालं की मांडवासाठी अर्धी गल्ली दोन दिवस बंद होते आणि कुणी कागद मागत नाही. इथे सहा फूट वायरीला फाईल लागते.

आता दर ऐका, आणि आईला आधी बसवून घ्या. घरी मीटर असेल आणि रात्रीचा खास दर घेतला असेल, तर युनिटला सात-नऊ पेन्स पडतात. पौंड साधारण १२० रुपये धरा, म्हणजे नऊ-दहा रुपये. तीच वीज रस्त्याकडेच्या जलद चार्जरवर घेतली की युनिटला पाऊण पौंड, कधी त्याहून जास्त. नव्वद रुपयांना एक युनिट, बाबा! त्यात अन्याय म्हणावा असा भाग करात आहे. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के, रस्त्यावरच्या चार्जरवर २० टक्के. म्हणजे ज्याला अंगण आहे त्याला कर कमी आणि ज्याला नाही त्याला चौपट. एका युनिटमध्ये साडेपाच किलोमीटर गाडी जाते असं धरलं, तर घरी चार्ज करणाऱ्याला किलोमीटरला पावणेदोन रुपये आणि रस्त्यावर करणाऱ्याला सोळा. पेट्रोलची गाडी इथे किलोमीटरला दहाच्या आसपास पडते. गाडी एकच, कंपनी एकच, आणि घर बदललं की ती पेट्रोलहून पाचपट स्वस्त किंवा दीडपट महाग. म्हणून ‘विजेची गाडी परवडते का’ या प्रश्नाला ‘कुणाला?’ असा उलटा प्रश्न विचारल्याशिवाय जो उत्तर देतो, तो गाडी विकणारा तरी असतो नाहीतर पेट्रोलपंपवाला.

आता आपल्याकडे या. अंगण आहे, चिंचेखाली सावली आहे, मीटर ओसरीवर आहे आणि गाडीपर्यंत वायर न्यायला कुणाची परवानगी लागत नाही. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी तासाला तीन-सव्वातीन युनिट घेते. रात्री आठ तास लावली तर पंचवीस युनिट, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तामसी-आदिलाबाद-तामसी एवढं संजूचं रोजचं फिरणं त्यात कितीदा तरी बसतं. हैदराबादेत पेट्रोल लिटरला १०७ रुपयांच्या पुढे आहे. पंधराचं अॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला सात रुपये, आणि विजेवर दीड. एवढ्यावर संजू उड्या मारेल, तर त्याला थांबवा, कारण खरी कामं पुढेच आहेत.

पहिलं काम अर्थिंगचं. आपल्याकडे अर्थिंग म्हणजे घर बांधताना कुणीतरी पुरलेला खांब, ज्याला त्यानंतर कुणी पाणीही घातलेलं नाही. पंखा, टीव्ही, मिक्सर कुरकुर करत नाहीत, गाडीचा चार्जर करतो. अर्थिंग नीट नसेल किंवा व्होल्टेज फार पडलं असेल, तर तो लाल दिवा दाखवून वीज घ्यायचंच नाकारतो. ते बरंच आहे, लताकाकूंना पावसातल्या करंटची भीती आहे ना, तिचं उत्तर हेच. दुसरं काम लोडचं. एक-दोन किलोवॅटच्या मंजूर लोडवर तीन किलोवॅटची गाडी लावली आणि त्यातच वहिनींनी गिझर चालू केला, तर आधी फ्यूज जाईल, आणि गल्लीत तीन-चार जणांनी तेच केलं तर डीपी जळेल. मग ऐन पऱ्हाटीच्या हंगामात सगळी वस्ती अंधारात आणि बोट आपल्याकडे. म्हणून आधी लोड वाढवून घ्यायचा आणि गाडीसाठी जाड वायरीची वेगळी लाईन टाकून घ्यायची. तिसरं काम हिशेबाचं. मामांनी ‘दोनशे युनिट फुकट आहेत, गाडी फुकटात चालेल’ असं म्हटलं म्हणे. गृहज्योती योजनेचं फुकट दोनशेपर्यंतच आहे. दोनशेच्या वर गेलं की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं, आणि वरच्या टप्प्यात युनिट नऊ-दहा रुपयांवर जातं. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालली तर पावणेदोनशेच्या आसपास युनिट तीच खाईल. तरी ती पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण फुकट नव्हे, हे मामांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते म्हणतील, पोरगी विलायतेत जाऊन शेफारली.

डाळ उतरवली. पुढे.

बॅटरी फुटते ही मामांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२२च्या एप्रिलात निजामाबादेत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटून एक म्हातारे गृहस्थ गेले. ते आपल्या इतकं जवळ झालं की मामा विसरणार नाहीत, आणि विसरूही नये. पण त्याच वर्षी अशा आगी लागोपाठ झाल्यावर सरकारनं बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाले. आताच्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते, ती सहजासहजी पेटत नाही. स्वीडनच्या सरकारी खात्यानं २०२२ची आकडेवारी दिली होती, त्यात गाड्यांच्या संख्येच्या मानानं विजेच्या गाड्या पेटण्याचं प्रमाण एकूण गाड्यांपेक्षा खूप कमी निघालं. पेट्रोलची टाकीही पेटते, फक्त तिची आपल्याला सवय झाली आहे. एवढं पथ्य मात्र पाळायचं की चार्जिंग उघड्या अंगणात, कापसाच्या ढिगापासून लांब. यंदा वेचणीचा कापूस ओसरीतच रचला आहे ना? तो आधी आदिलाबादच्या मार्केटला जाऊ द्या.

‘लांब जायचं झालं तर?’ हा वहिनींचा सवाल, आणि तो माहेर नागपूरला असल्यामुळे रास्त आहे. आदिलाबादहून नागपूर दोनशेच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्या. चाळीस-पंचेचाळीस युनिटच्या बॅटरीची गाडी कागदावर कितीही सांगो, चार माणसं आणि एसी धरून अडीचशेच्या आसपास समजावी. नागपूर एका दमात होईल, हैदराबादला वाटेत एकदा थांबावं लागेल, आणि तो चार्जर बंद असेल किंवा त्यावर रांग असेल तर चहा तीनदा होईल. पण वर्षातून किती लग्नं हैदराबादेत निघतात? दोन लग्नांसाठी कृष्णा एक्सप्रेस आहे, भाड्याची जीप आहे. वर्षातल्या दोन दिवसांसाठी उरलेल्या दिवसांचं पेट्रोल भरायचं, हा हिशेब आपल्या आजीनंसुद्धा मान्य केला नसता. थंडीत बॅटरी कमी चालते हे खरं, पण नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत शंभरातल्या जवळजवळ एकोणनव्वद विजेच्या होत्या, आणि तिथल्या थंडीपुढे आदिलाबादचा डिसेंबर म्हणजे गुलाबी. आपल्याकडे काळजी मे महिन्याची. पंचेचाळीस डिग्रीत गाडी उन्हात उभी करून जलद चार्जरवर रोज भरली, तर बॅटरी लवकर म्हातारी होते. सावली आणि रात्रीचं सावकाश चार्जिंग एवढंच औषध. बॅटरी महाग असते, पण कंपन्या साधारण आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात. कागद घेताना संजूनं ती ओळ वाचावी, नुसता रंग बघू नये.

तुमचा स्वतःचा मुद्दा राहिला, ‘धूर इथे नाही तर रामागुंडमला निघेल.’ बरोबर आहे. आपली बरीचशी वीज कोळशाची आहे, तेव्हा गाडीवर हिरवं पान काढून कुणी पुण्यवान होत नाही. तरी कोळसा धरूनही हिशेब थोडा विजेच्याच बाजूला झुकतो, आणि चौकातला धूर तर कमी होतोच. मी पुण्याच्या नावानं ही गाडी विकत नाही. खिशाच्या आणि अंगणाच्या नावानं म्हणते.

सरकारच्या सवलतीवर मात्र फार विसंबू नका, कारण लोक वळले की सरकार हात आखडतं. इथे विजेच्या गाडीला रस्त्याचा कर नव्हता, एप्रिल २०२५पासून लागला. लंडनच्या मध्यभागी शिरायची फी माफ होती, ती गेल्या नाताळात संपली. आता फी आहे १८ पौंड, विजेच्या गाडीला खातं जोडलं तर साडेतेरा. एका दिवसाला गावात शिरायचे सोळाशे रुपये! २०२८पासून तर दर मैलाला तीन पेन्स घ्यायचं जाहीर झालं आहे. पेट्रोलवरचा कर बुडाला की तो कुठून तरी काढावाच लागतो, हैदराबादलाही ते गणित येतं. आपल्या तेलंगणानं नोव्हेंबर २०२४पासून विजेच्या गाड्यांना रोड टॅक्स आणि नोंदणी फी माफ केली आहे, ती ३१ डिसेंबर २०२६पर्यंत. दहा लाखांच्या गाडीवर लाखाच्या वर वाचतात. ही माफी आपल्या राज्यातल्या नोंदणीवरच आहे, म्हणून सासरच्यांच्या हौसेनं नागपूरला नोंदणी करून एमएच नंबर मिरवायचा विचार संजूनं सोडावा.

बाकी आक्काचा गुडघा कसा आहे? ऑपरेशनच्या आधी तिला माहूरच्या पायऱ्या चढायच्या आहेत हे ऐकलं. तिला सांगा, रेणुकामाता खालूनही ऐकते. केसलापूरच्या जत्रेला यंदा कोण कोण जाणार आहे? पोरं इथे नागोबाचा आणि बैलगाड्यांचा विषय काढतात आणि मी घड्याळ बघून त्यांना झोपवते, कारण सांगायला बसले तर मलाच झोप येत नाही. इथे दुपारी चारला अंधार होतो. अशा वेळी चिंचेखालची बाज, तुमचा रेडिओ आणि वहिनींची आईशी तेलुगू-मराठी मिसळीत चाललेली भांडणं, एवढं मिळालं तर विलायतेतल्या सगळ्या गाड्या, विजेच्या काय नि पेट्रोलच्या काय, मी फुटपाथसकट देऊन टाकीन. हे आईला वाचून दाखवू नका. ती लगेच फोन करेल आणि फोनवर मी ‘मजेत आहे’ म्हणेन.

तर निकाल असा: गाडी घ्यायला हरकत नाही, पण शोरूमला जायच्या आधी संजूनं तीन कामं करावीत. अर्थिंग नवं करून मोजून घ्यावं, लोड वाढवायचा अर्ज द्यावा, आणि वेगळी वायर टाकावी. ही तिन्ही पावसाळ्याच्या आत झाली तर गाडी दिवाळीला आणा, डिसेंबरची मुदत सांभाळली जाईल. नाही झाली, तर जुनीच गाडी बरी. लाईनमनला उद्याच निरोप धाडा, तो कापसाच्या पैशांच्या दिवसांत सापडत नाही.

आपली,
बेबी