चिरून ठेवलंय!

लातुरात औसा रोडला राहा की अंबाजोगाई रोडला, शेजारी एक काकू अशी असतेच जिच्या फ्रिजमध्ये अख्खी भाजी दिसत नाही. रविवारी मालिकेपुढे विळी मांडून ती भेंडी, गवार, कोबी असा सबंध आठवडा चिरून काढते. शुक्रवारी कोबीला पाणी सुटलं म्हणून कुणी कुरकुरलं, तर उत्तर ठरलेलं: "फ्रिजात हाय की! वास येलालाय का?" वास न येणारे जंतूच जास्त बाधतात, हे तिला सांगायची छाती सूनबाईला नाही. फ्रिज म्हणजे काकूची मुदत ठेव. ठेवलेलं वाढतंच. वाढतं खरं, पण भाजी नव्हे.

तिची बाजूही ऐकली पाहिजे. २०१६च्या एप्रिलात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथली बाई नळ आल्या दिवशीच सगळी भाजी एका घमेल्यात धुणार. फक्त काकू आधी चिरते, मग धुते. "आतलं बी निघतंय!" निघतं कुठलं? पालकाची माती कापलेल्या काकडीत शिरते. वर ओलीच भाजी डब्यात कोंबायची आणि डबा नेमका कच्च्या मटणाच्या पातेल्याखाली सरकवायचा.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीची भाजीही ती आदल्या रात्रीच चिरते, पण भज्जी निदान रटरट शिजते. भीती कोशिंबिरीची. तिला चुलीचं दर्शनच नाही.

काकूची कमाल बघायची तर मे महिन्यात बघावी. नांदेडला लेकीकडे निघताना पिशवीत चिरलेली काकडी, गाजर, लाल भोपळा. लेकीला त्रास नको ना! चिरलेली भाजी फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, पारा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास. आणि फ्रिजही ५ अंशांच्या आत हवा, असं जाणकार सांगतात. काकूची लालपरी अहमदपूर, लोहा करत चाळिशीपार उन्हात तीन तासांहून जास्त चालते. नांदेडच्या वजिराबादेत पोचेस्तोवर काकडीचं सार झालेलं. जावईबापू भिडेखातर दोन घास खातात आणि रात्रभर येरझारा घालतात.

यंदा लेकीने फोनवर बजावलंय: "आई, भोपळा अख्खाच आण. विळी माझ्याकडंबी हाय."