नव्यानं जुना झालेला पब

ऑक्सफर्डशायरमध्ये लेकीच्या गावातला पब बरेच महिने दुरुस्तीसाठी बंद होता. तो उघडल्याची खबर लागताच रविवारी दुपारी जावईबापू आम्हा दोघांना तिथे जेवायला घेऊन गेले. दारावरच्या पाटीत ओकचं झाड. १६५१ साली वूस्टरच्या लढाईत मार खाऊन पळालेला दुसरा चार्ल्स असाच एका ओकवर लपला होता, म्हणून ‘रॉयल ओक’ नावाचे पब देशभर शेकड्यांनी आहेत. झाडावर चढून बसलेल्या राजाच्या नावानं आपल्याकडे कुणी खाणावळ काढणार नाही.

आत काळ्याशार तुळया. जावईबापू म्हणाले, ‘‘या नव्या आहेत. जुन्या काढल्या, फारच जुन्या दिसायच्या.’’

‘‘आणि आपल्या वाड्याचे सागवानी खांब तुम्ही भंगारात घातलेत!’’ ही मोठ्यानं म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून निभावलं.

एसटीच्या सवयीनं मी खिडकीजवळच्या टेबलावर रुमाल टाकला. पण वेटर येईना. टेबलाचा नंबर पाहून आपणच बारपाशी जायचं, सांगायचं आणि पैसे आधी मोजायचे, अशी इथली रीत. तिथे रांग नव्हतीच, नुसता घोळका. तरी त्यातल्या प्रत्येकाला आपल्या आधी कोण, हे पाठ! बारवरच्या पोरीनं एका बाईंना ‘काय देऊ?’ विचारलं, तर त्यांनी मागच्या आजोबांकडे बोट दाखवलं: यांचा नंबर आधी. दादरला लोकल पकडत आयुष्य काढलेल्या माणसाला हे बघवत नाही. कोपर वापरायला वावच नाही.

माझ्या ताटात रोस्ट चिकन आणि यॉर्कशर पुडिंग. नाव पुडिंग, पण गोडाशी संबंध नाही. वाटीएवढं फुगलेलं, आतून पोकळ, त्यात तपकिरी ग्रेव्ही ओतायची. हिनं शाकाहारी म्हणून ‘प्लाउमन्स लंच’ मागवलं. ते आलं दगडी पाटीवर: चेडरचा तुकडा, जाड पाव, व्हिनेगरमधला कांदा, अर्धं सफरचंद आणि काळपट आंबटगोड लोणचं. सोळा पाउंड.

‘‘कांदा-भाकरीच की,’’ ही म्हणाली.

जावईबापूंनी खुलासा केला. पाव, चीज, कांदा इथले शेतमजूर पूर्वापार खात आलेत. पण महायुद्धानंतर चीजचं रेशनिंग १९५४ मध्ये उठलं, तेव्हा विक्री वाढवायला चीजवाल्यांनीच नांगरणाऱ्याचं नाव पुढे करून या थाळीचा गाजावाजा केला.

‘‘म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर पैसे दुसऱ्यांनीच केले,’’ ही म्हणाली. ‘‘मग ओळखीचंच आहे.’’ आणि कांदा दातांखाली कचकन फोडला.

एव्हाना ते मघाचे आजोबा आपला पाइंट घेऊन शेजारच्या टेबलाशी आले होते. पायाशी म्हातारा कुत्रा. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, माप कायद्यानं ठरलेलं. जावईबापूंनी हळहळत विचारलं, ‘‘पूर्वीची मजा नाही राहिली, नाही?’’

‘‘कसली मजा?’’ आजोबा म्हणाले. ‘‘इथे बसलं की छताचं पाणी थेट ग्लासात पडायचं. पाइंट मेला संपता संपत नसे.’’