डावीकडे बसून भाव खाणं

मोटार वाहन कायद्याचं १२० वं कलम एका वाक्याचं आहे. स्टिअरिंग डावीकडे असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची असेल, तर तिला यांत्रिक किंवा विजेवर चालणारं इशारा देण्याचं साधन हवं आणि ते चालू हवं. झालं. पुढचं १२१ वं कलम चालकाने द्यायच्या इशाऱ्यांचं आहे, म्हणजे काळजी कसली होती ते कळतं. डावीकडे बसलेल्याचा उजवा हात खिडकीबाहेर निघत नाही, म्हणून त्याचा इंडिकेटर चालूच पाहिजे असा कायद्याचा खास हट्ट. बाकी आपल्या सगळ्यांचा उजवा हात बाहेर निघतो. तो वळायचं म्हणतोय की तंबाखूची पुडी झटकतोय, हे मागच्याने ओळखायचं.

हा झाला सरकारचा एक हात. दुसऱ्या हाताने त्याच सरकारने दार लावून घेतलं आहे. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, वेग किलोमीटरमध्ये दिसायला हवा, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा. (संग्राह्य, जुन्यापुराण्या गाड्यांना एक फट ठेवलेली आहे, ती सोडा.) म्हणजे डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला ना नाही, आणायला आहे. आहेत त्या राहतील, नव्या येणार नाहीत. मुंबईकराला यातलं अर्थशास्त्र शिकवायला नको. गिरगावातल्या पागडीच्या खोलीचा भाव असाच ठरतो. खोली दहा बाय दहा, संडास कॉमन, जिना हलतो, पण तशी दुसरी आता निघत नाही.

आपल्याकडे डावं स्टिअरिंग गावोगाव पोचलं ते लष्कराच्या मागून. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीपगाड्या बनवल्या, सगळ्या अमेरिकन पद्धतीच्या, म्हणजे डाव्या. लढाई संपल्यावर ज्या इथेच राहिल्या त्या विक्रीला निघाल्या आणि डिस्पोजलची जीप दारात उभी राहिली. ऊसवाले बागाईतदार, रस्त्याचे ठेकेदार, तालुक्याचे पुढारी यांच्या खाली ती शोभायची. मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं लाल रंगात लिहून घेतलं की मालकाचं काम संपलं. या माणसाला पुढचं काही दिसत नाही, हे मागच्याने समजून घ्यायचं.

दिसत नाही म्हणजे खरोखरच नाही. आमच्या एका मित्राकडे अशी जीप आहे आणि आंबा घाटात तिच्या उजव्या सीटवर बसायचा मान मला मिळाला होता. पुढे चिऱ्याचा ट्रक, पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारा. मित्राला दिसत होता ट्रकचा फाळका आणि डावीकडचं गटार. समोरून येणारी एसटी दिसायची ती मला.

“बघ रे, मोकळं आहे का?”

“मोकळं आहे.”

“कुठपर्यंत?”

“वळणापर्यंत.”

“वळण कुठाय?”

एवढी चौकशी होईपर्यंत घाटात काही मोकळं राहत नाही. उजव्या सीटवरच्याच्या पायाखाली ब्रेक नसतो, हातात चाक नसतं, जबाबदारी मात्र सगळी त्याची. आघाडी सरकारातल्या एखाद्या राज्यमंत्र्याला ही जागा ओळखीची वाटेल.

आता भावाकडे या. एके काळी अशी जीप घेतली की पहिलं काम म्हणजे गॅरेजवाल्याला गाठून स्टिअरिंग उजवीकडे घेणं, कारण ती जुंपायची होती कामाला. वडिलांनी उजवीकडे आणलेलं तेच स्टिअरिंग आज मुलगा वर पैसे मोजून परत डावीकडे नेतो. कारण गाडी ‘ओरिजिनल’ पाहिजे. गिऱ्हाईकही तसंच. टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरतं आणि बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ हे अक्षर शोधतं, कारण फोर्डने आपल्या जीपच्या सुट्या भागांवर तो छाप मारला होता. पाठीला ऑइल लागेपर्यंत बोल्ट तपासले जातात. इंजिन सुरू होतं का, हा प्रश्न नंतरचा. कधीकधी तो येतच नाही.

शहरातली डावी बाजू जास्त गुळगुळीत होती. वकिलातीतला साहेब मुदत संपवून मायदेशी गेला की त्याची गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकायला निघे. आयात बंद, फियाटला वर्षानुवर्षांची नोंदणी. त्या दिवसांत इम्पाला दारात आणायची ही सरकारमान्य वाट होती आणि सिनेमावाल्यांना ती पाठ होती. त्यातल्या कितीतरी गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. मालकाला त्रास? कसला त्रास? मालक मागच्या सोफ्यावर. डावीकडे बसून मान वाकडी करायची ती ड्रायव्हरने. डाव्या स्टिअरिंगचा सारा रुबाब या वाटणीवर उभा आहे: ज्याला गाडी चालवायची नसते त्याला ती फार आवडते.

जपानने तर यात कमालच केली. जपान आपल्यासारखाच डावीकडून चालणारा देश. ऐंशीच्या दशकात तिथे पैसा उतू चालला होता. जर्मन गाडी घ्यायची तर स्टिअरिंग डावीकडेच हवं, नाहीतर शेजाऱ्याला कळणार कसं, असा हिशेब. जर्मन कंपन्या उजवं स्टिअरिंग द्यायला तयार, पण गिऱ्हाइकाला ते कमीपणाचं. आता टोलनाक्याची खिडकी उजवीकडे. गाडीत एकटा असलेला साहेब मग शेजारच्या सीटवर आडवा होऊन बोटांच्या टोकांनी तिकीट पकडणार. यावर उपाय म्हणून तिकडच्या मोटारसामानाच्या दुकानांत तिकीट धरायचा लांब चिमटा मिळू लागला. गाडी कोट्यधीशाची आणि हातात चिमटा! २००१ मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक टोल सुरू झाला आणि चिमट्याचे दिवस सरले. आपल्याकडे हे पुण्य २०२१ मध्ये सक्तीच्या फास्टॅगने कमावलं, तेही न कळत.

त्याच जपानची पुढची गोष्ट ऐका. १९८८ मध्ये होंडाने अमेरिकेत, ओहायोच्या कारखान्यात बनवलेली अकॉर्ड कूपे जपानला पाठवली, डाव्या स्टिअरिंगसकट. घरचीच कंपनी, घरचंच नाव. पण परदेशाहून आल्याची खूण तशीच राहू दिली. आणि जानेवारी १९९२ मध्ये थोरले बुश अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांच्या प्रमुखांना घेऊन टोकियोत उतरले. गाऱ्हाणं असं की जपानी लोक आमच्या गाड्या घेत नाहीत. जपान्यांचं उत्तर तयार होतं: तुम्ही अजून स्टिअरिंगसुद्धा उजवीकडे देत नाही, मग घ्यायच्या कशा? म्हणजे जर्मनांचं डावं स्टिअरिंग हा रुबाब आणि अमेरिकनांचं डावं स्टिअरिंग हा आळस. अमेरिकनांनीही आळशीपणाचा आरोप मनावर घेतला असं नाही. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ पासून बनते. कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची म्हणून ती निघाली थेट आठव्या पिढीत आणि जपानी गिऱ्हाइकाला मिळाली २०२१ मध्ये.

इंग्लंडातला हिशेब वाण्याचा आहे. साधी हॅचबॅक डाव्या स्टिअरिंगची असेल तर तिचा भाव पडतो आणि फ्रान्स-स्पेनला बिऱ्हाड हलवणारा कुणी भेटेपर्यंत ती दारात पावसात उभी राहते. पण फेरारी एफ ४०? तेराशेच्या वर गाड्या बनल्या आणि कारखान्याने स्टिअरिंग डावीकडेच ठेवलं. त्यावर लंडनचा धनिक चकार शब्द काढत नाही. उलट खूश असतो. जगातली बहुतेक मोठी गिऱ्हाइकं उजवीकडून चालणाऱ्या देशांत आहेत; उद्या विकायची वेळ आलीच तर डावं स्टिअरिंगच कामाला येणार. थोडक्यात, हॅचबॅक चालवतात म्हणून स्वस्त आणि फेरारी ठेवतात म्हणून महाग.

सामोआच्या लोकांना तर एवढी निवडही मिळाली नाही. २००९ च्या ७ सप्टेंबरला त्या बेटांवरच्या सरकारने रस्त्याची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे केली. कारण काय, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या नातेवाइकांच्या जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात. विरोधक कोर्टात गेले, हरले. आदल्या रात्री धड असलेल्या गाड्या सकाळी उलट्या झाल्या. बसचे तर दरवाजेच भर रस्त्यात उघडू लागले, ते कापून दुसऱ्या बाजूला बसवण्याचा खर्च बसवाल्यांच्या डोक्यावर. गाडीत कुणी एक स्क्रूही हलवला नव्हता, तरी भाव उतरला.

गाडी चालवायची नाही, ठेवायची, हा रुबाब आपल्या सरकारने अखेर २०२१ मध्ये कागदावर आणला. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेजची वेगळी नोंदणी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. ही गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला रस्त्यावर आणा. रोजच्या वापराला आणायची नाही. आणि रोजच्या वापराची मनाई होताच मालकाच्या छातीचा घेर दोन इंच वाढतो!

तरीही कुणाला डाव्या स्टिअरिंगची गाडी घ्यायचीच असेल, तर माझं म्हणणं ऐका. चालवायला घेणार असाल तर भाव पाडून मागा, लाजू नका. घाटात उजव्या सीटवर बसायला माणूस मिळत नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. दाखवायला घेणार असाल तर तो मागेल ते द्या, कारण तुम्ही गाडी घेतच नाही आहात, लोकांच्या माना वळवायचा हक्क घेत आहात. पण दोघांनीही एक काम करा. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर मारून बघा. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनवलेल्या दिव्याचा झोत उजवीकडे उचललेला असतो, म्हणजे आपल्या रस्त्यावर तो थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्टिअरिंग राहू द्या डावीकडे, दिवे तेवढे बदलून घ्या. समोरून आम्ही स्कूटरवर येत असतो.