हवा ट्रकची, फोटो टोपीसह

ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचे नियम फ्रान्समध्ये ठरले. ठरवणाऱ्यांनी खंबाटकी घाट पाहिलेला नसावा. तीनशे किलोमीटर, वीस तास, मागे मदतीची गाडी नाही. अंधार पडला की पुढे-मागे दिवा आणि अंगात चमकणारं जाकीट सक्तीचं. वाटेत काय बिघडेल ते आपलं आपण निस्तरायचं. आणि बिघडायचं ते रात्रीच बिघडतं.

दिवसा सायकलीला काय झालंय ते दिसतं. रात्री नुसतं ऐकू येतं. शिरवळ सोडल्यावर माझ्या सायकलीतून ‘टिक्’ असा आवाज येऊ लागला. चेन असेल. नाही, पेडल. नाही, बॉटम ब्रॅकेटच गेलं! घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत मी मनातल्या मनात नवं ब्रॅकेट, मजुरी आणि घरी सांगायची कमी केलेली किंमत असा सगळा हिशेब केला होता. मग पाणी प्यायला थांबलो, जाकीट उघडलं, आणि आवाज थांबला. झिपची पट्टी हेल्मेटच्या बक्कलवर आपटत होती.

दिवा मात्र खरोखरच गेला. जुन्या टॉर्चचे सेल सज्जन होते. आधी पिवळे पडत, मग लाल, आपल्याला आवराआवर करायला वेळ देत. लिथियमच्या बॅटरीचा दाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. हिरवा ठिपका, हिरवा ठिपका, अंधार. अशा वेळी टायरला घासून चालणारा तो बाटलीसारखा डायनामो आठवतो. त्यानं पाय जड व्हायचे, चढावर उजेड काजव्याएवढा पडायचा आणि थांबलं की तोही जायचा. पण तो कधी चार्ज करावा लागला नाही. पुण्यात बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलिस अडवायचे. चौक आला की लोक उतरून, सायकल हातात धरून, सभ्यपणे चालू लागायचे. घाटात मीही उतरलो असतो, पण तिथे पोलिस नव्हता. होते ते मागून येणारे ट्रक. हेल्मेटवरचा छोटा हेडलॅम्प लावला आणि चढलो.

घाट उतरल्यावर मागचं चाक बसलं. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या चिंध्या पडलेल्या असतात, त्यातली केसाएवढी तार ट्यूब गाठते. ती बोटानंच शोधावी लागते. सापडते तेव्हा बोटातून रक्त येतं. तार काढली, नवी ट्यूब घातली आणि पंपाचा दांडा मुठीसकट हातात आला.

थोडं पुढे टायरमध्ये बल्ब लावलेलं पंक्चरचं दुकान होतं. झोपलेल्या कारागिराला हाक मारली. त्यानं आधी मला पाहिलं, मग चाकाला.

“याचा वॉल्व कुठाय?”

मी बारीक प्रेस्टा वॉल्व दाखवला. कंप्रेसरचं नोझल त्यावर बसेना. नशिबानं पितळी अडॅप्टर खिशात होता.

“किती टाकू?”

“शंभर पीएसआय.”

तो थांबला. “दादा, ट्रकला शंभर टाकतो मी.”

अंगठ्याएवढ्या टायरला ट्रकएवढी हवा लागते हे त्याला पटवणं अवघड गेलं. भरताना तो हात लांब करून, मान फिरवून उभा राहिला. मग आला तो प्रश्न, जो या रस्त्यावर प्रत्येक जण विचारतो.

“पहिला आला तर काय मिळतं?”

“नंबर नसतो. वेळेत पोचायचं.”

“मग मेडल?”

“मिळतं. वेगळे पैसे भरून.”

त्यानं हवेचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या नियंत्रण बिंदूवर त्या वेळी ब्रेव्हेच्या कार्डावर शिक्का मारायला कोणी जागं नसतं, म्हणून एटीएमची पावती चालते. त्यावर ठिकाण असतं, वेळ असते. आम्ही सायकलवाले महाराष्ट्रातल्या बँकांना रात्री-अपरात्री शिल्लक विचारत फिरतो ते यासाठी. मी पोचलो तेव्हा बिंदू बंद व्हायला थोडीच मिनिटं होती. यंत्रानं शिल्लक दाखवली, उगाचच, आणि खाली लिहिलं की पावतीचा कागद संपला आहे.

रखवालदार जागा झाला.

“पैसे येतात की त्यातून.”

“काका, पैसे नकोत. पावती पाहिजे.”

हेल्मेट घातलेला, कपाळावर दिवा लावलेला, हाताला ग्रीस आणि बोटाला रक्त लागलेला माणूस अपरात्री एटीएममध्ये उभा राहून पैसे नको म्हणतो, याचा त्यानं बराच विचार केला. मी ब्रेव्हेचं कार्ड दाखवलं, नियम सांगितला. पावती नसेल तर फोटो चालेल, मागे बँकेची पाटी हवी. आणि फोटो पटकन काढा, कारण माझ्या मोबाइलमध्ये दोन टक्के उरलेत.

“मग तुमचा एकट्याचा कशाला?” तो म्हणाला. “साक्षीदार नको? दोघांचा काढू.”

मी मोबाइल उंच धरला. एक टक्का.

“थांबा, थांबा,” तो म्हणाला, “ड्युटीवरचा फोटो आहे, असा नको,” आणि टोपी शोधायला आत गेला.