प्रशिक्षकाची मुदत: क्लबमालकांसाठी सोपी रीत

नव्या फुटबॉल प्रशिक्षकाला दोन मुदती असतात. एक करारपत्रातली आणि एक खरी. करारपत्रातली वर्षांत मोजतात. खरी कशात मोजायची यावर अजून एकमत झालेले नाही. मँचेस्टर युनायटेडने २०१३ मध्ये डेव्हिड मॉइसशी सहा वर्षांचा करार केला आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याच्या हाती नारळ दिला. कागदावर सहा वर्षे, प्रत्यक्षात दहा महिनेही पुरते नाहीत. चेल्सीने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रॅहम पॉटरला पाच वर्षे दिली. ती २ एप्रिल २०२३ रोजी संपली. करार लांब केला की प्रशिक्षकाचे आयुष्य वाढते, असा नवख्या मालकांचा समज असतो. वाढते ती नुकसानभरपाई.

मुदतीची सुरुवात नेमणुकीच्या दिवशी होते. त्या दिवशी प्रशिक्षकाच्या हाती क्लबचा स्कार्फ द्यावा, शेजारी मालकाने हसत उभे राहावे आणि फोटो काढून घ्यावा. हा फोटो जपून ठेवणे महत्त्वाचे, कारण पुढच्या बातमीलाही तोच लागतो. पत्रकार परिषदेत ‘प्रोजेक्ट’ हा शब्द किमान दोनदा यावा. प्रोजेक्ट म्हणजे ज्याचा निकाल मागण्याची वेळ अजून आलेली नाही असे काम. ही वेळ साधारणपणे तिसऱ्या पराभवानंतर येते.

मुदत किमान किती असावी, याची नोंद इंग्लंडच्या टॉर्की युनायटेडच्या नावावर आहे. मे २००७ मध्ये तिथे लिरॉय रोझिनियरला पत्रकारांपुढे हजर करण्यात आले. त्याच वेळी पलीकडे क्लबची विक्री होत होती आणि नव्या मालकांच्या मनात दुसरा माणूस होता. रोझिनियरची कारकीर्द दहा मिनिटांची धरतात. संघ एकही सामना हरला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

दहा मिनिटे ज्यांना घाईची वाटतात त्यांच्यासाठी लीड्स युनायटेडचे माप आहे. १९७४ मध्ये लीड्सने ब्रायन क्लफला आणले. क्लफने आल्याआल्या खेळाडूंना सांगितले की तुम्ही जिंकलेली पदके कचऱ्यात टाका, ती लबाडीची आहेत. ४४ व्या दिवशी क्लफ बाहेर होता. पुढे जानेवारी १९७५ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला. फॉरेस्टने १९७८ मध्ये इंग्लंडचे विजेतेपद आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कप जिंकला. लीड्सच्या उतावीळपणाची फळे अशी फॉरेस्टने चाखली. आता त्या क्लबला तरी धीराची किंमत कळली असेल असे कोणालाही वाटेल. २०२५ मध्ये फॉरेस्टने आंगे पोस्टेकोग्लूला ३९ दिवस दिले, लीड्सपेक्षा पाच कमी. आठ सामन्यांत एकही विजय नव्हता, हे खरे. शेवटचा सामना घरच्या मैदानावर चेल्सीविरुद्ध ०-३ असा संपला आणि प्रेक्षक वाहनतळापर्यंत पोचण्याच्या आतच निरोपाची बातमी आली.

कमाल मुदतीचा प्रश्न निघाला की प्रत्येक अडचणीतला प्रशिक्षक, त्याचा एजंट आणि त्याचा मेहुणा एकच नाव घेतात: ॲलेक्स फर्ग्युसन. मालकाने हा दाखला पाठ करून ठेवावा, म्हणजे समोरच्याला तो अर्ध्यावर तोडता येतो. फर्ग्युसन ६ नोव्हेंबर १९८६ रोजी मँचेस्टर युनायटेडमध्ये आला तेव्हा संघ २२ जणांत २१ वा होता. त्या मोसमाअखेर ११ वा, पुढच्या वर्षी दुसरा, त्यापुढच्या वर्षी पुन्हा ११ वा. सप्टेंबर १९८९ मध्ये गावातल्याच मँचेस्टर सिटीने १-५ असे धुतले. डिसेंबरात एका चाहत्याने घरच्या चादरीवर फलक रंगवून आणला. तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता टाटा, असा त्याचा मथितार्थ होता. मग ७ जानेवारी १९९० रोजी एफए कपच्या तिसऱ्या फेरीत संघ फॉरेस्टच्याच मैदानावर गेला. हा सामना गेला की फर्ग्युसन गेला, असे वर्तमानपत्रांनी ठरवून टाकले होते. मार्क रॉबिन्स नावाच्या वीस वर्षांच्या पोराने डोक्याने एक गोल केला, युनायटेड १-० जिंकले आणि मे महिन्यात तोच कप घेऊन घरी आले. लीगमध्ये त्या वर्षी क्रमांक होता १३ वा. लीगचे विजेतेपद १९९३ मध्ये मिळाले, म्हणजे साडेसहा वर्षांनी. शनीची साडेसातीसुद्धा यापेक्षा एकच वर्ष लांब असते.

पुढे संचालकांनी सांगितले की त्या दिवशी हरलो असतो तरी फर्ग्युसनला काढणार नव्हतो. ते खरेही असेल. पण हे सांगितले गेले तोवर कपाट चषकांनी भरले होते, आणि भरल्या कपाटासमोर उभे राहून कोणीही धीराचा पुतळा होतो. या दाखल्यातली खरी खोच वेगळी आहे. ज्यांना साडेसहा वर्षे दिली आणि ज्यांच्याकडून काहीच निघाले नाही, अशांचे दाखले कोणी देत नाही. आणि ज्यांना सातव्या महिन्यात घालवले, त्यांच्यात एखादा फर्ग्युसन होता का, हे तपासायला जागा उरत नाही. क्लफचा पुढचा प्रवास दिसला म्हणून लीड्सची चूक ठरली. तो निवृत्त होऊन मासे पकडत बसला असता तर लीड्सचे संचालक चाणाक्ष ठरले असते.

किमान आणि कमाल यांच्यामध्ये मालकाला स्वतःची मुदत बसवायची असते. त्यासाठी ‘नव्याचे नऊ दिवस’ या तत्त्वाची ओळख हवी. नवा माणूस आला की संघ तीन-चार सामने जिंकतो, असा अनुभव सर्वत्र सांगितला जातो. बाकावर बसलेले खेळाडू जोरात धावू लागतात, कर्णधार दाढी करून येतो. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या वरिष्ठ लीगमधले १९८६ ते २००४ चे आकडे घेऊन हे तपासले. प्रशिक्षक काढल्यावर संघ सावरतात, हे त्यात दिसले. मात्र तितक्याच वाईट घसरणीत सापडूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, ते संघही तसेच सावरले होते. ताप तिसऱ्या दिवशी उतरणारच असतो. दुसऱ्या रात्री ज्याने अंगारा लावला त्याचे नाव होते. एका सामन्यात सरासरी तीनेक गोल होणाऱ्या खेळात पाच सामन्यांच्या निकालावरून माणूस जोखणे म्हणजे पाच वेळा नाणे उडवून नाण्याचे चारित्र्य ठरवणे होय. चेंडू खांबाला लागून आत गेला तर ते डावपेच, बाहेर गेला तर नालायकी.

हे वाचून एखाद्या मालकाला अंगारा न लावण्याची इच्छा होईल. तिला आवर घालावा. अंगारा रुग्णासाठी नसतो, ओसरीवर जमलेल्या नातेवाइकांसाठी असतो. पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, त्यांचे करार असतात आणि खरेदी-विक्रीची खिडकी उन्हाळ्यात आणि जानेवारीतच उघडते. ज्या संचालकाने ते खेळाडू निवडले तो मालकाच्या पंक्तीला जेवतो. मालक स्वतःला बदलू शकत नाही. उरतो एकच जण. त्यामुळे मुदत ठरवताना संघ किती दिवसांत सुधारेल हा प्रश्न गौण आहे. आपण या माणसाला निवडले ही गोष्ट लोक किती दिवस लक्षात ठेवतील, हा मुख्य. लोकांनी ‘त्याला कोणी आणला?’ असे विचारायला सुरुवात करण्याच्या आदल्या दिवशी मुदत संपते.

यशाने मुदत वाढते हा भोळेपणा आहे. रोबेर्तो दी मातेओने मे २०१२ मध्ये चेल्सीला पहिली चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. नोव्हेंबरात तो घरी होता. क्लाउडिओ रानिएरीने २०१६ मध्ये लेस्टरला अशक्य वाटणारे विजेतेपद मिळवून दिले, मोसमाआधी सट्टेवाल्यांनी त्याला ५००० ला १ असा भाव लावला होता. नऊ महिन्यांनी नारळ. वर उल्लेखिलेल्या पोस्टेकोग्लूने टॉटनहॅमला १७ वर्षांनी पहिला चषक आणून दिला आणि त्यानंतर १६ दिवस नोकरी टिकवली. वर्षाला एक दिवससुद्धा पडला नाही.

मुदत संपवण्याची पद्धत ठरलेली आहे. प्रथम विश्वास जाहीर करावा. ग्रामपंचायतीत सरपंचाला घालवायला अविश्वास ठराव आणावा लागतो. फुटबॉलमध्ये त्याच कामासाठी विश्वास व्यक्त करतात. वॉटफर्डच्या व्यवस्थापनाने २०२२ मध्ये रॉब एडवर्ड्सच्या पाठीशी काहीही झाले तरी उभे राहू असे सांगितले होते. ११ सामन्यांनंतर ते बाजूला झाले. विश्वास अधिक दाट दाखवायचा असेल तर करार वाढवून द्यावा. मँचेस्टर युनायटेडने जुलै २०२४ मध्ये एरिक टेन हागचा करार वाढवला, उन्हाळ्यात नवे खेळाडू घेऊन दिले आणि ऑक्टोबरात त्याला काढले. टेन हाग, त्याचे सहकारी आणि पाठोपाठ गेलेला स्पोर्टिंग डायरेक्टर यांच्या निरोपापायी क्लबच्या हिशेबात १ कोटी ४५ लाख पौंड पडले. मुहूर्त म्हणून राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग थांबते तो पंधरवडा उत्तम. खेळाडू परदेशी गेलेले असतात आणि नव्या माणसाला कपाट रिकामे मिळते.

मुदत पाळल्याचीही उदाहरणे आहेत, पण ती मालकांच्या फारशी उपयोगाची नाहीत. आर्सेनलने ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तिन्ही सामने एकही गोल न करता गमावले, संघ तळाला गेला, तरी मिकेल आर्तेताला ठेवले. पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे संघ दुसरा आला. याला धीराचे फळ म्हणावे की तीन वर्षांचा उशीर, यावर उत्तर लंडनच्या पबांत एकमत नाही.

पद्धतीचा सर्वांत शुद्ध प्रयोग मात्र गोव्यात झाला. एफसी गोवाचा प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा २०१७ पासून तिथे होता. त्याचा संघ चेंडू पायाशी ठेवून खेळे आणि गोलांचा पाऊस पाडी. २०१९ मध्ये त्याने सुपर कप जिंकला. ३१ जानेवारी २०२० रोजी इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात गोवा सर्वांत वर होते आणि साखळीतले तीन सामने बाकी होते. त्या दिवशी लोबेराला काढण्यात आले. गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडाने सूत्रे घेतली, तिन्ही सामने जिंकले, गोव्याने साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी लीगची ढाल पटकावली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. म्हणजे निर्णय बरोबर ठरला. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून एकूण ५-६ अशी हार झाली. म्हणजे निर्णय चुकला.

लोबेरा मुंबई सिटीकडे गेला. ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तादा फॉल आणि गोव्याचा मंदार राव देसाई हेही पाठोपाठ मुंबईला गेले. कोरोनामुळे पुढच्या मोसमातले सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत झाले. मुंबईने आधी ढाल जिंकली, उपांत्य फेरीत एफसी गोवाला पेनल्टींवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी एटीके मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या अगदी शेवटच्या क्षणीच्या गोलाने २-१ असा विजय मिळवला. हा सामना मडगावजवळ फातोर्ड्याच्या मैदानावर झाला. ते एफसी गोवाचे घरचे मैदान आहे.