काळा पडदा दिसल्यास घाबरू नये

उबंटूवर ग्राफिक्स ड्रायव्हर बसवू इच्छिणाऱ्या वैजापूर तालुक्यातील समस्त नागरिकांस कळविण्यात येते की, काम पाच मिनिटांचे आहे. तरीही घरच्यांना ‘जेवायला माझी वाट पाहू नका’ असे सांगून बसावे. लाइट जायची वेळ माहीत करून घ्यावी. मोबाइलचा आजचा दीड जीबी कोणी रील पाहून संपवला नाही ना, याचीही चौकशी करावी, कारण ड्रायव्हर तीन-चारशे एमबी सहज खातो.

आधी गरज तपासा. ग्राफिक्स कार्ड इंटेलचे किंवा एएमडीचे असेल, तर वाचन इथेच थांबवून मार्केट यार्डात कांदा काय भावाने गेला ते पाहायला जावे. या दोघांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतात. एएमडीच्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर तर 2015 साली आवृत्ती 4.2 मध्येच आला. मशीन चालू केले की झाले. ज्यांनी आपला कारभार उघडा ठेवला, त्यांच्यावर मार्गदर्शिका लिहिता येत नाही. आमच्या धंद्याला हे मारक आहे.

उरले एनव्हिडिया. या कंपनीने कार्डाची आतली माहिती वर्षानुवर्षे झाकून ठेवली. तेव्हा काही हौशी मंडळींनी कार्ड काय करते ते बाहेरूनच न्याहाळून ‘नूवो’ हा ड्रायव्हर लिहिला आणि 2010 मध्ये तो कर्नलच्या 2.6.33 आवृत्तीत दाखल झाला. उबंटू टाकल्या टाकल्या चित्र दिसते ते बहुधा त्याच्याच कृपेने. दिसते एवढेच, पळत नाही. 2012 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर सभेत कॅमेऱ्याकडे पाहून एनव्हिडियाला मधले बोट दाखवले. दहा वर्षांनी, मे 2022 मध्ये, कंपनीने कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, तोही ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांपुरता. बोटाचा गुण इतक्या उशिरा येतो का, हे सिद्ध झालेले नाही. वैजापूरकरांनी हा प्रयोग करू नये. कंपनीचे एक कार्यालय पुण्यात आहे, आणि पुण्यात बोट दाखवून कोणाचे काम झाल्याचा दाखला नाही.

आता कार्डाचे नाव शोधा. संभाजीनगरहून जुना पीसी आणताना दुकानदार ‘टू जीबी ग्राफिक आहे’ एवढेच सांगतो. ते मेमरीचे माप झाले, नाव नव्हे. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ लिहा (इंग्रजीत लिहा, टर्मिनलला आपली लिपी कळत नाही) आणि येणाऱ्या यादीत ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी’ ही ओळ हुडका. तिथे जीटी 710 निघाले तर ते केप्लर पिढीतले. त्याला 470 क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो आणि कंपनीने त्याची देखभाल 2024 मध्येच थांबवली. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, या समजुतीने 550 चढवला तर तो या कार्डाला ओळखच देत नाही. बारावीचा निकाल पाहणे आणि पत्रिका जुळवणे एवढेच काम असेल, तर केप्लरवाल्यांनी नूवोवर समाधान मानावे. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांनी पुढे वाचावे.

कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन ‘.रन’ फाइल उतरवू नये. मेव्हणा आग्रह करील, तरी नाही. ‘उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ म्हटले की यादी येते आणि एका नावापुढे ‘रेकमेंडेड’ असते. मग ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. अक्षरे धावू लागतील. शेजारी कोणी उभे असल्यास गंभीर चेहरा ठेवावा.

सिक्युअर बूट चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला जाऊ शकतो. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येईल आणि कोणतेही बटण दाबायला दहा सेकंद मिळतील. हा फेरफार नोंदीचा प्रकार आहे: ड्रायव्हर आला तरी त्याच्या सहीची नोंद मशीनच्या दप्तरात होईपर्यंत कर्नल त्याला दारात उभे करत नाही. ‘एन्रोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, रीबूट, हा क्रम. बहुतेक लोक नेमके त्या दहा सेकंदांत चहा आणायला जातात आणि मग महिनाभर ड्रायव्हरला शिव्या घालतात.

सगळे जमले असेल तर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ लिहिल्यावर एक चौकट उमटते. तीत ड्रायव्हरचा क्रमांक आणि कार्डाचे तापमान असते. मे महिन्यात काही काम न करताही पन्नासच्या आसपास दिसले, तर दोष वैजापूरचा आहे.

पडदा काळाच राहिला तर कंट्रोल, आल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. नुसत्या अक्षरांचा पडदा येईल. पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही. कीबोर्ड ठोकू नये, तो चालू आहे. तिथून ‘सुडो एपीटी पर्ज’ करून एनव्हिडियाची सगळी पॅकेजेस काढली की नूवो परत कामाला लागतो, काही झालेच नाही अशा थाटात. तेही जमले नाही तर चालू होतानाच्या ग्रब यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडावे.

कर्नल बदलला की डीकेएमएस या यंत्रणेवर बसवलेला ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्याने बांधावा लागतो. हे आपोआप होते. होत नाही तेव्हा ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल निवडावा. पीकविम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस असेल आणि कोपऱ्यात ‘अपडेट्स उपलब्ध’ असे झळकले, तर ‘नंतर आठवण करून द्या’ हे बटण त्याच्या शेजारीच असते.