पाचवी श्रेणी

जिल्हा कोषागारात ज्याने हयात घालविली, अशा मनुष्याच्या अंगचे सौजन्य व रसिकता हे गुण यथावकाश क्षीण होतात, असा लौकिक आहे. परंतु समोर आलेला प्रत्येक कागद प्रथमदर्शनी संशयास्पद मानण्याची जी एक वृत्ती त्या खात्यात हाडीमांसी खिळते, तिला न्यू जर्सीसारख्या दूरदेशी असा बहर येईल, हे निरोपसमारंभात मला श्रीफळ देणाऱ्या वरिष्ठांच्याही ध्यानी आले नसावे.

अपघात तसा किरकोळ होता. एडिसनच्या ओक ट्री रोडवर, जेथे फरसाण, सोने आणि साड्या हाकेच्या अंतरावर मिळतात, तेथे सिग्नलपाशी उभ्या असलेल्या चिरंजिवांच्या मोटारीस एका उतावळ्या गृहस्थाने मागून धडक दिली. माझ्या कपाळास टेंगूळ आले, मानेस हिसका बसला, आणि ‘मला काही झालेले नाही’ ही माझी कैफियत दाखल करून न घेताच गळ्यास पट्टा बांधून मला रुग्णवाहिकेत आडवे करण्यात आले. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णास, त्याची ऐपत न पाहता, तपासलेच पाहिजे आणि त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे, असा तेथे १९८६ सालापासून केंद्रीय कायदा आहे. मात्र त्या उपचाराचे पैसे कोणी द्यावेत, याविषयी तो कायदा मौन बाळगतो, आणि हे मौन पुढे टपालाने फुटते.

प्रथम माझ्या प्रवासविम्याच्या कंपनीचा खलिता आला. त्यात रकमांचे चार रकाने होते आणि माथ्यावर ठळक अक्षरांत ‘हे देयक नव्हे’ असा खुलासा होता. परतत्त्वाचे निरूपण निषेधाने करण्याची रीत आपल्या उपनिषदांतही आहे. परंतु तेथे अखेरीस बाकी निघत नाही. मागोमाग इस्पितळाचे देयक आले, माझ्या डोळ्यांत विजेरी मारणाऱ्या डॉक्टरांचे निराळे आले, डोक्यामानेची सीटी स्कॅनची चित्रे कोठेतरी बसून पाहिलेल्या व मला कधीही न दिसलेल्या तज्ज्ञाचे तिसरे, आणि रुग्णवाहिकेचे चौथे. गणेशोत्सवात एकाच आळीतील चार मंडळांनी आपापली पावतीपुस्तके घेऊन एकाच दाराशी यावे, तसा हा प्रकार होता.

यांपैकी इस्पितळाच्या देयकाने माझी निद्रिस्त कर्तव्यबुद्धी जागी केली. तातडीच्या विभागात नुसते दाखल झालेल्या मनुष्याचीही तेथे ९९२८१ ते ९९२८५ अशा पाच पायऱ्यांत वर्गवारी होते, जितकी पायरी वरची तितके शुल्क जबर. आणि इस्पितळाने आपल्या सुविधाशुल्कासाठी ही पायरी कशी ठरवावी याचा देशभर एकच एक नियम नसून, ज्याचे त्याने आपले निकष करावेत, अशी मोकळीक आहे. हे वाचून मला जो कंप सुटला, तो धडकेनेही सुटला नव्हता. मला पाचवी पायरी दिली होती. नोकरीत तृतीय श्रेणीच्या वर ज्यास कोणी पाऊल ठेवू दिले नाही, त्यास एका टेंगळाच्या बळावर अशी बढती मिळावी, यावर सौभाग्यवतींनी जो शेरा मारला तो येथे नोंदविण्याचे कारण नाही.

“बाबा, भरून टाकतो ना मी कार्डावर,” असे म्हणत चिरंजीव खिशात हात घालू लागले. रुजुवातीपूर्वी रक्कम अदा करू पाहणारा मुलगा माझ्या पोटी यावा, याचा विषाद गिळून मी त्यांची मोटारीची पॉलिसी मागविली. न्यू जर्सीत चूक कोणाचीही असो, मोटारीत बसलेल्या, पण स्वतःची मोटार-पॉलिसी नसलेल्या माणसाच्या उपचाराचा भार प्रथम त्या मोटारीच्याच विम्यावर, ‘पर्सनल इन्ज्युरी प्रोटेक्शन’ या सदराखाली पडतो. इस्पितळाने मात्र तो माझ्या हिंदुस्थानी प्रवासविम्याकडे रवाना करून तेथून नामंजुरी पदरात पाडून घेतली होती. पॉलिसीप्रमाणे पहिले २५० डॉलर आमचे, पुढे ५,००० पर्यंतच्या खर्चाचा पाचवा हिस्सा आमचा, म्हणजे ९५०. एकूण १,२००, त्याहून छदाम नाही. हा हिशेब चिरंजिवांनी यंत्रावर आणि मी तोंडी केला, व माझा आधी झाला.

मग चौघांनाही मोटारविम्याच्या दाव्याचा क्रमांक कळविला, आणि इस्पितळास तपशीलवार देयक मागणारे आक्षेपपत्र लिहिले. सूनबाईंनी ते इंग्रजीत उतरविताना ‘मुंबई वित्तीय नियम, १९५९’ चा हवाला गाळला, ही गोष्ट मला अद्याप खटकते. तपशील आला तेव्हा त्यात गळ्याच्या पट्ट्याची स्वतंत्र रक्कम आढळली. वास्तविक तो पट्टा रुग्णवाहिकेतच बांधला होता आणि इस्पितळाने तो सोडण्यापलीकडे काही केले नव्हते. फेरतपासणीअंती पट्टा वजा झाला आणि माझी चौथ्या पायरीवर पदावनती झाली. तिसरीसाठीचे अपील प्रलंबित आहे.

रुग्णवाहिकेचा मामला मोटारीच्या विमा कंपनीने परस्पर मिटविला. आरोग्यविमाधारकांना अनपेक्षित देयकांपासून वाचविणारा केंद्रीय कायदा २०२२ पासून अमलात आहे, त्यात हेलिकॉप्टर येते पण चाकांवरची रुग्णवाहिका येत नाही. हे असे का, हे मी आमच्या खासदारांस विचारले असते, पण ते तेथले नव्हेत.

ही वार्ता बागेत फिरावयास येणाऱ्या मराठी मंडळींत पसरली, आणि “काका, जरा यावर नजर टाकता का?” म्हणत लिफाफे येऊ लागले. जेवणाच्या मेजावर आता माझे दप्तर असते. पुण्याहून येणाऱ्या भाच्याबरोबर टाचण्यांची एक डबी आणि ‘आक्षेपासह परत’ असा रबरी शिक्का मागविला आहे. त्यापायी मेतकूट राहून जाईल, ही सौभाग्यवतींची हरकत मी तूर्त विचाराधीन ठेवली आहे.